गुलाबीपर्यंत चालतं

एका जंगलात गवत फार झालं होतं. निदान हत्तीशेठ तसं म्हणायचे.

मुलांनो, तुम्ही म्हणाल, जंगलात गवत फार झालं तर बिघडलं काय? तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही अजून शाळेत आहात आणि हत्तीशेठ व्यापारात होते. डोंगरापलीकडच्या राज्यात गवत मारायच्या औषधाला भारी मागणी आहे, असं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांचे कान केवढे, ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांनी नदीकाठी कारखाना काढला. औषधाचं नाव ठेवलं 'सफाचट'. स्वतः मात्र ते दुसऱ्या जंगलात राहायला गेले. तिकडचं गवत चांगलं होतं म्हणे.

कारखान्यात कामाला लागले गवे, सांबरं, भेकरं आणि थोडे ससे. म्हणजे सगळे गवत खाणारे. गवत खाणाऱ्यांनी गवत मारायचं औषध करायचं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. काम ते काम.

कारखान्याचा कारभार बघायचे बगळेसाहेब. पांढरेशुभ्र, बारीक, बोलायला गोड. काही अडलं की ते एका पायावर उभे राहत आणि डोळे मिटून विचार करत. विचार संपेपर्यंत अडलेला प्राणी आपोआप निघून जाई.

सगळं छान चाललं होतं. मग एक दिवस डोंगरापलीकडून निरोप आला. 'तुमचं औषध उत्तम आहे. आमच्याकडे एक पान हिरवं उरलेलं नाही. पण आमच्या लोकांना अलीकडे एक चिंता लागली आहे. औषध बनवणाऱ्या गरीब प्राण्यांच्या अंगात ते किती जातं? मोजून दाखला पाठवा. दाखला आला की आम्हाला झोप लागेल, आणि मग पुढचा माल घेऊ.'

बघा, किती प्रेमळ लोक.

जंगलाची राणी होती वाघीण. तिने मोजमाप खात्यातल्या इंदुमतीला बोलावलं. इंदुमती म्हणजे साळिंदर. वयाने लहान, कामात चोख, अंगावर काटे. आजवर तिने नदीची खोली मोजली होती आणि पावसाचं पाणी मोजलं होतं. दोघांनीही तिला कधी फसवलं नव्हतं. त्यामुळे एखादी गोष्ट नीट मोजली की अर्धं काम झालं, उरलेलं अर्धं आपोआप होतं, अशी तिची समजूत होती.

"जा आणि मोजून ये," राणी म्हणाली. "आणि हे बघ, दाखला चांगला आला पाहिजे."

"दाखला खरा येईल, महाराणी," इंदुमती म्हणाली.

"तेच ते," राणी म्हणाली आणि जांभई दिली.

इंदुमतीने झोळीत कापसाच्या पट्ट्या भरल्या. तपासणीच्या पाण्याचा बुधला घेतला. मोजायची रीत सोपी होती. कामगाराच्या छातीवर, मनगटावर आणि पायावर पट्टी बांधायची. दिवसभर काम झालं की पट्टी सोडवून तपासणीच्या पाण्यात बुडवायची. पाणी पांढरं राहिलं तर औषध लागलेलं नाही. गुलाबी झालं तर थोडं लागलं आहे. कामगाराला गुलाबीपर्यंत चालतं, असा कायदा होता. लाल झालं तर मात्र चालत नाही.

पहिल्या दिवशी इंदुमती कारखान्यात शिरली आणि बघतच राहिली. फरशी इतकी चकचकीत होती, की तिला स्वतःचे काटे दिसले. पिंपं घासूनपुसून ओळीने ठेवली होती. दाराला झेंडूचं तोरण होतं. कामगार कडक इस्त्रीचे निळे डगले घालून हात बांधून उभे होते.

"या, या, इंदुमतीबाई!" बगळेसाहेब म्हणाले. "मोजा हवं तितकं."

"पण औषध कुठे आहे?"

"आज देखभालीचा दिवस. यंत्र बंद आहे."

"मग मी काय मोजू?"

"कामगार आहेत की! सगळे हजर आहेत."

इंदुमतीने झोळीचं तोंड बांधलं. "यंत्र चालू असेल त्या दिवशी येते," ती म्हणाली.

बगळेसाहेबांनी एक पाय उचलला आणि डोळे मिटले. पण साळिंदर जागचं हललं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी एक डोळा उघडून पाहिलं. ती तिथेच उभी होती. मग त्यांना यंत्र कधी चालू असतं ते सांगावं लागलं.

दुसऱ्या खेपेला कारखाना खरोखरच चालू होता. वाफा निघत होत्या. नाकात झोंबणारा, घशाला चिकटणारा वास होता. उघड्या कढईतून औषध पिंपात ओतलं जात होतं आणि ओतणारा होता तुळाजी गवा. प्रचंड देहाचा, अबोल, कामाला वाघ. गव्याला वाघ म्हटलेलं आवडत नाही, पण म्हणतात खरं तसं. पिंप भरत आलं की औषध उसळायचं आणि त्याच्या डगल्यावर शिंतोडे उडायचे. तो ते बाहीने पुसायचा. त्याचे खूर हळदीसारखे पिवळे पडले होते.

इंदुमती पट्टी बांधायला जवळ गेली, तेव्हा त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली.

"तुळाजी, हे काय?"

"काही नाही, बाई. उष्णता."

पलीकडचं सांबर म्हणालं, "मलापण होते उष्णता." एक ससा म्हणाला, "आमच्या खात्यात सगळ्यांनाच उष्णता आहे." आणि सगळे भराभर पुन्हा कामाला लागले.

पट्ट्या बांधून इंदुमती परत गेली. संध्याकाळी येऊन तिने त्या गोळा केल्या आणि एकेक पाण्यात बुडवली. पांढरं. पांढरं. पांढरं. तुळाजीची पट्टी तर इतकी स्वच्छ होती, की बुडवल्यावर पाणी आधीपेक्षा नितळ झाल्यासारखं वाटलं.

इंदुमतीने पट्टी नाकाशी नेली. तिला झेंडूचा वास आला.

ती दाराशी गेली. तोरणाच्या मागे खिळ्यांची रांग होती. प्रत्येक खिळ्याला कापसाचा एकेक धागा अडकला होता. दिवसभर कामगार आत होते आणि पट्ट्या बाहेर वाऱ्यावर डुलत होत्या.

तिच्या अंगावरचे काटे उभे राहिले. आधी तिला वाटलं, हे बगळेसाहेबांचंच काम. ती तशीच तुळाजीला गाठायला धावली. तो घराच्या वाटेला लागला होता.

"पट्ट्या काढून ठेवायला साहेबांनी सांगितलं ना?"

"नाही, बाई," तुळाजी मान खाली घालून म्हणाला. "आम्हीच काढल्या."

"तुम्ही? अहो, हे सगळं तुमच्यासाठी चाललंय!"

"ठाऊक आहे. रागावू नका. आमच्यात सखू भेकर होती. पोरगी कामाला चलाख. तिलाही असंच रक्त यायचं. वैदूने सांगितलं, हिच्या अंगात औषध गेलंय. साहेबांनी तिला लगेच विश्रांतीला पाठवलं."

"मग बरं केलं."

"ती अजून विश्रांतीच घेते आहे, बाई. दोन वर्षं झाली. रानात आता गवत राहिलेलं नाही. जो चारा मिळतो तो कारखान्यात मिळतो. आमची पट्टी लाल झाली तर आम्हालाही विश्रांती मिळेल."

इंदुमतीने आजवर नदी मोजली होती. नदी कधी असं बोलली नव्हती.

ती परत गेली. दोन दिवस तिने डोकं खाजवलं, म्हणजे साळिंदराला जमेल तितकं. शेवटी तिला एक युक्ती सुचली. अंगावरची पट्टी काढून ठेवता येते, पण अंगातलं औषध कुठे काढून ठेवणार? ते बाहेर पडतं एकाच वाटेने.

हसू नका, मुलांनो. बरं, हसून घ्या एकदाचे.

तर इंदुमतीने प्रत्येक कामगाराला एकेक काचेची बाटली दिली. "सकाळी उठल्याउठल्याची पहिली," ती म्हणाली. "दुपारची चालणार नाही." सांबरं लाजली. ससे एकमेकांना कोपरं मारू लागले. तुळाजीने त्याच्या मुठीत हरवून जाणारी ती बाटली डगल्याच्या खिशात घातली आणि गंभीरपणे घरी नेली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाटल्या भरून आल्या. इंदुमतीने प्रत्येकीत तपासणीच्या पाण्याचे थेंब टाकले. रंग हळूहळू चढत गेला आणि एका जागी थांबला. गुलाबी. काही फिक्या, काही जरा गडद, पण गुलाबीच. लाल एकही नाही.

बगळेसाहेबांनी पंख फडफडवले. "बघा! गुलाबीपर्यंत चालतं ना?"

"चालतं," इंदुमती म्हणाली. पण तिला ते पचत नव्हतं. तुळाजीचं नाक तिने पाहिलं होतं. त्या नाकाला गुलाबी शोभत नव्हतं. पण रंग तर तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि मोजलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?

"मग दाखला लिहा," बगळेसाहेब म्हणाले. त्यांनी कामगारांना पेढे वाटले. ससे नाचले. सांबरांनी एकमेकांच्या शिंगांत शिंगं अडकवली. आता कुणालाच विश्रांती नव्हती.

एकटा तुळाजी नाचला नाही. त्याचा पेढा हातातच राहिला.

इंदुमती झोळी आवरत होती, तेव्हा तो जवळ येऊन उभा राहिला.

"बाई, एक विचारू?"

"विचारा ना."

"समजा, एखादं असं आहे, की ते कधी कारखान्यात आलंच नाही. दारातसुद्धा नाही. तर त्याच्या बाटलीचा रंग काय यावा?"

"पांढरा."

"गुलाबी नाही येणार?"

"कसा येईल? औषध आकाशातून पडतं थोडंच?"

तुळाजी मटकन खाली बसला. गवा मटकन बसला की जमीन हादरते. इंदुमतीच्या झोळीतल्या बाटल्या किणकिणल्या.

"काय झालं, तुळाजी?"

"ती बाटली माझी नव्हती," तो म्हणाला. "ठकूची होती. माझ्या बायकोची."

इंदुमतीने झोळी खाली ठेवली.

"आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं," तो म्हणाला. "आपली लाल येणार हे ठाऊक होतं. म्हणून घरच्यांची आणली. ज्याला बायको होती त्याने बायकोची. ज्याला नव्हती त्याने आईची, बहिणीची. घरची बाटली पांढरी येणार, असं धरून चाललो होतो. पण बाई, सगळ्या गुलाबी आल्या. सगळ्या! माझी ठकू उंबरठा सोडून कुठे जात नाही. नदीवर जाते, एवढंच."

त्याने पेढा जमिनीवर ठेवून दिला. "माझं काय व्हायचं ते होऊ दे," तो म्हणाला. "पण तिच्यात कसं गेलं?"

दोघं तडक नदीवर गेली.

ठकूबाई गुडघाभर पाण्यात उभी होती. खडकावर तुळाजीचा निळा डगला होता. ती तो दोन्ही हातांनी चोळत होती, पिळत होती, पुन्हा चोळत होती. आजूबाजूला सांबरांच्या बायका, भेकरांच्या आया, सशांच्या बहिणी. सगळ्यांच्या हातात निळे डगले. पाण्यावर पिवळसर तवंग पसरला होता. मधूनच कुणी ओल्या हाताने घाम पुसत होतं, कुणी केस मागे सारत होतं. गप्पा रंगात आल्या होत्या.

इंदुमतीने ठकूबाईच्या हातांकडे पाहिलं. हळद पिवळी असते, पण ती धुतल्यावर जाते.

मग तिने सगळ्यांना सगळं सांगितलं. रंग काय आला ते सांगितलं, कुठून आला असेल तेही सांगितलं. कुणीतरी हातातला डगला हळूच पाण्यात सोडून दिला.

ठकूबाई नवऱ्याकडे वळली. "म्हणून मागितली होतीत बाटली? मला म्हणालात, साहेबांनी घरच्यांचीपण तब्येत बघायचं ठरवलंय!"

"बघितली की," तुळाजी पडलेल्या आवाजात म्हणाला.

"आणि तुमची? तुमची कुठल्या रंगाची आहे?"

तुळाजीने आपल्या पिवळ्या खुरांकडे पाहिलं.

"बाई," ठकूबाई इंदुमतीला म्हणाली, "ह्यांची बाटली आत्ता भरली तर चालेल का?"

"सकाळची लागते. पण अंदाज येईल."

तुळाजी बाटली घेऊन झुडपामागे गेला. परत आला. इंदुमतीने थेंब टाकले. रंग गुलाबी झाला, पण थांबला नाही. लाल झाला. मग इतका गडद लाल, की बाटलीतून पलीकडचं काही दिसेना.

ठकूबाईने ती बाटली हातात घेऊन उन्हात धरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलं नाही, कारण हात ओले होते आणि आता तिला ते हात कुठे लावावेत तेच कळेना.

इंदुमतीने त्याच दिवशी बगळेसाहेबांना गाठलं. तिने कुणाचं नाव घेतलं नाही. नाव घेतलं असतं तर तुळाजीला विश्रांती मिळाली असती. ती एवढंच म्हणाली, "साहेब, कारखान्याचं औषध कपड्यांवरून घरी जातंय. कपडे धुणाऱ्या बायकांच्या अंगात सापडलंय. घरच्यांसाठी कायदा वेगळा आहे. त्यांना गुलाबीसुद्धा चालत नाही. पांढरंच पाहिजे."

बगळेसाहेबांनी शांतपणे चोच पुसली. "त्या कामगार आहेत का?"

"नाही."

"आपल्याला काय मोजायला सांगितलंय? कामगार. तुम्ही नसत्या ठिकाणी मोजता, इंदुमतीबाई. उद्या चंद्राला मोजाल आणि म्हणाल, तिथेही सापडलं."

"पण त्या आजारी पडतील!"

"तो त्यांचा घरगुती प्रश्न आहे," बगळेसाहेब म्हणाले आणि त्यांनी पाय वर घेतला.

इंदुमती बाहेर आली. मोजलं की उरलेलं अर्धं काम आपोआप होतं, ही समजूत तिने बाहेरच्या पायरीवर बसून मोडीत काढली. तिला रडू आलं. साळिंदर रडतं तेव्हा त्याला कुणी जवळ घेऊ शकत नाही, हे त्याचं मोठं दुःख आहे.

तिने नदीवर जाऊन उत्तर सांगितलं.

"घरगुती प्रश्न?" ठकूबाई म्हणाली. "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बगळेसाहेब कचेरीत आले तेव्हा त्यांना दार सापडेना. दारासमोर निळ्या डगल्यांचा डोंगर उभा होता. न धुतलेले, कडक झालेले, वास मारणारे डगले. कुणीतरी काही खिडकीतून आतही टाकले होते. एक त्यांच्या टेबलावर पसरला होता, एक खुर्चीत बसला होता.

"हे काय आहे?" बगळेसाहेब किंचाळले.

"धुणं आहे," ठकूबाई म्हणाली. तिच्या मागे सगळ्या बायका उभ्या होत्या. "कारखान्याचं आहे, म्हणून कारखान्यात आणून दिलं."

"उचला! आत्ताच्या आत्ता उचला! हे अंगाला लागलं तर?"

"लागलं तर काय होतं, साहेब?"

बगळेसाहेब उडून समोरच्या झाडावर जाऊन बसले. दिवसभर तिथूनच कारभार चालला. दुसऱ्या दिवशी आणखी डगले आले. कामगार उघड्या अंगाने कामाला आले, कारण घालायला धुतलेले डगले कुणाकडेच नव्हते. उघड्या अंगावर शिंतोडे उडू लागले, तसे तेही मागे सरले. पिंपं रिकामी राहिली. डोंगरापलीकडून विचारणा आली, माल कुठे आहे?

तेव्हा कुठे बगळेसाहेबांनी खरोखरीचा विचार केला. आणि काय सांगू, मुलांनो, त्यांना असा विचार सुचला, की हत्तीशेठनी त्यांना पुढे बढतीच दिली.

त्यांनी कारखान्याच्या मागे पाण्याच्या टाक्या बांधल्या आणि जाहीर केलं, "आजपासून कपडे इथेच धुतले जातील. घरी एकही डगला जाणार नाही. आणि धुण्याच्या कामावर तुम्हा सगळ्यांना घेत आहोत. बायका, आया, बहिणी, सगळ्यांना! चारा मिळेल, रबरी हातमोजे मिळतील."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. चाऱ्याची चिंता मिटली आणि हातमोजेही मिळाले. ठकूबाईनेही वाजवल्या, पण जरा थांबून.

इंदुमती आली. तिने टाक्या पाहिल्या, हातमोजे पाहिले. तिला बरं वाटलं. बगळेसाहेब तिच्यापुढे येऊन उभे राहिले. "या बायकांच्या अंगात औषध सापडलं, असं तुम्हीच म्हणालात. म्हणजे रंग गुलाबी, बरोबर?"

"बरोबर. घरच्यांना गुलाबी चालत नाही."

"पण आता या घरच्या कुठे आहेत? कामगार आहेत. कामगारांना?"

इंदुमतीने झोळीचं तोंड करकचून बांधलं.

"गुलाबीपर्यंत चालतं," बगळेसाहेबांनीच वाक्य पुरं केलं.

ठकूबाई हे ऐकत होती. तिने इंदुमतीला बाजूला घेतलं. "बाई, कालपर्यंत मी आजारी होते ना?"

"होय."

"आणि आज बरी आहे?"

"कायद्याने."

"औषध दिलं का मला कुणी काही?"

"नोकरी दिली."

ठकूबाई हसायला लागली. हसता हसता टाकीच्या कडेला टेकली. इंदुमतीलाही हसू आलं, आणि हसू आल्याची लाजही वाटली.

"मग आता दाखला देणार तुम्ही?"

"अजून नाही," इंदुमती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच जरा चमक आली. "नवे कामगार घेतले की सगळ्यांना पुन्हा मोजायचं, असा नियम आहे. साहेबांनीच घेतलेत नवे कामगार."

तिने पुन्हा सगळ्यांना बाटल्या वाटल्या. या वेळी बायकांनाही.

त्या संध्याकाळी कारखान्याच्या मागे कामगारांची बैठक बसली. सगळ्यांचे चेहरे पडले होते. बाटली तर द्यायची आहे, पण कुणाची द्यायची? घरी होतं कोण? बायको टाकीवर, आई टाकीवर, बहीण टाकीवर. ज्याची त्याची बाटली ज्याच्या त्याच्या हातात. सगळं जंगल पालथं घातलं तरी उसनी मिळायची नाही.

"नदीचं पाणी भरून देऊ," एक सांबर म्हणालं.

"आजवर आम्ही डगले कुठे धुतले?" ठकूबाई म्हणाली. "नदी तुमच्यापेक्षा लाल निघेल."

"मग साहेबांची मागू," एक ससा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे असे बघू लागले, की तो मागे जाऊन बसला.

"ठकू," तुळाजी हळूच म्हणाला, "एक बाटली अर्धी अर्धी केली तर?"

"अहो, माझी मी देणार. तुमची तुम्ही बघा," ठकूबाई म्हणाली. मग तिचा आवाज जरा मऊ झाला. "तुमची लाल आली तर तुम्हाला घरी पाठवतील, ही भीती आहे ना? एकट्याची आली असती तर पाठवलंच असतं. पण इथे कुणाची पांढरी यायची आहे, सांगा बघू?"

कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं. पिवळे खूर, फुटलेली नाकं, सोललेली कातडी. उष्णतेचा विषय कुणी काढला नाही.

सकाळी बाटल्या आल्या. इंदुमतीने फळीवर रांगेने मांडल्या आणि सर्वांसमोर थेंब टाकत गेली. बगळेसाहेब शेजारी उभे होते, दोन्ही पायांवर. बायकांच्या बाटल्या गुलाबी झाल्या. मग तुळाजीची लाल झाली. त्याच्या शेजारच्याची लाल झाली. सांबरांच्या लाल, भेकरांच्या लाल. सशांच्या तर थेंब पडण्याआधीच झाल्यासारख्या वाटल्या. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लालेलाल. सूर्यास्त झाल्यासारखं दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर सुंदर दिसत होतं.

"हे चालत नाही," इंदुमती म्हणाली.

बगळेसाहेबांनी फळीवरून नजर फिरवली. "कुणाकुणाला... विश्रांतीला पाठवायचं?"

"सगळ्यांना."

"मग पिंपं कोण भरणार?"

"ते मी मोजत नाही," इंदुमती म्हणाली.

बगळेसाहेबांनी शेवटचा डाव टाकला. "कामगारांना लालपर्यंत चालेल, असा कायदा महाराणींकडून करून घेता येईल का?"

"येईल की," इंदुमती म्हणाली. "पण माझ्याकडे लालच्या पुढे रंगच नाही, साहेब. पुढच्या वेळी मोजायचं कसं? डोंगरापलीकडचे लोक विचारतील."

बगळेसाहेब एका पायावर उभे राहिले. डोळे मिटले. बराच वेळ गेला. पण कुणी निघून गेलं नाही. जायला जागाच नव्हती. सगळे तिथेच उभे राहून त्यांच्याकडे बघत होते.

मग कढईवर झाकण आलं. कढईतून पिंपापर्यंत नळी आली. आता औषध ओतावं लागत नाही, नुसती चावी फिरवावी लागते. हातमोजे सगळ्यांना मिळाले. वाफ बाहेर ओढून नेणारा पंखा लागला. हे सगळं करायला फार दिवस लागले नाहीत. इतकं सोपं होतं तर आधीच का केलं नाही, असं एका सशाने विचारलं. त्याला कुणीतरी गप्प केलं.

काही महिन्यांनी पुन्हा बाटल्या आल्या, तेव्हा लाल एकही नव्हती. तुळाजीची गुलाबी होती. ठकूबाईची जवळजवळ पांढरी. तुळाजीच्या नाकातून रक्त यायचं थांबलं. खूर मात्र पिवळेच राहिले. ते तसेच राहतील, असं वैदूने सांगितलं. सखू भेकर कामावर परत आली नाही. तिला बोलवायला ठकूबाई स्वतः गेली होती. पण सखूला आता उठून बसायलाही दुसऱ्याचा हात लागत होता. ठकूबाई तिच्याजवळ दिवस मावळेपर्यंत बसली आणि मग परत आली.

दाखला निघाला. डोंगरापलीकडच्या लोकांना झोप लागली. त्यांनी दुप्पट माल मागवला. कामगारांची काळजी घेतल्याबद्दल राणीने बगळेसाहेबांना शाल आणि नारळ दिला. बगळेसाहेबांनी भाषण केलं. "मोजमापावर माझा पहिल्यापासून विश्वास होता," ते म्हणाले. भाषणाला सगळे हजर होते. पुढच्या रांगेत तुळाजी आणि ठकूबाई बसली होती. तुळाजीला मध्येच शिंक आली. त्याने घाईघाईने नाकाला हात लावला आणि हाताकडे पाहिलं. काही नव्हतं. त्याने तो कोरडा हात बायकोला दाखवला. बायकोने हसून तो धरून ठेवला आणि पुढचं भाषण दोघांनीही ऐकलं नाही.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं, असं तुम्हाला गुरुजींनी सांगितलं असेल. सांगितलेलं बरोबर आहे, पण त्याची घाई करू नये. आधी आसपास जेवढ्या उसन्या बाटल्या मिळतील तेवढ्या वापरून संपवाव्यात. त्या संपल्या की खरेपणा आपोआप अंगी येतो. आणि एकट्याने कधीही लाल होऊ नये. व्हायचंच असेल तर सगळ्यांनी एकाच सकाळी व्हावं.